एका रेशनकार्डावर एकच नेट

माझा मेहुणा अनंता मस्कतला नोकरी करतो. २००८ साली गणपती झाल्यानंतर त्याने बायकोच्या माहेरच्या, वळ गावच्या एका माणसाबरोबर आमच्याकडे एक खोकं पाठवलं. खोक्यात गेमचा डबा होता. टीव्हीला जोडायचा, हातात दोन मुठींचं एक हँडल धरायचं आणि पडद्यावर गाड्या पळवायच्या. खोक्यावर माझं नाव होतं. पण माझं वय, माझं पोट आणि नारपोलीतल्या सायझिंगमधली, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यातली, माझी नोकरी बघता हे खेळणं माझ्यासाठी नाही, एवढं मला कळत होतं.

ते माझ्या बायकोसाठी होतं. हे सांगायची अनंताची हिंमत नव्हती, कारण हौसा आणि तो बोलत नव्हते. वळची बापाची जमीन त्याने तिला न विचारता गोदामवाल्याला दिली होती. तिच्या वाट्याचं तिला मिळालं, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. विचारलं नाही, ही तक्रार होती. मी तिला दोन-तीनदा समजवायला गेलो. त्यानंतर आमच्याकडे काही दिवस आमटीला मीठ नव्हतं, म्हणून मी समजवणं सोडलं.

खोकं तिने उघडू दिलं नाही. "ज्यानं पाठवलाय त्याला परत नेऊन द्या," म्हणाली. मस्कतला नेऊन द्यायचं माझ्या हातात नव्हतं. शेवटी आमच्या मुलीने, रुचिकाने, एका रविवारी डबा टीव्हीला जोडला. हौसा आधी लांबून बघत होती. मग धूळ पुसायच्या निमित्ताने तिने हँडल हातात घेतलं आणि स्वयंपाक विसरली. माझ्या स्कूटरवर मागे बसली की जी बाई अंजूरफाट्यापर्यंत "हळू, हळू" करते, ती त्या पडद्यावर वळणावळणाला चार-चार गाड्या मागे टाकत होती. आपल्या संसारात आपण नक्की कोणाबरोबर राहतोय, असा विचार मनात आला.

ही बातमी मी अनंताला फोनवर सांगितली.

"भावोजी," तो म्हणाला, "माझ्याकडं पन तसाच डबा हाय. तुमी त्यो नेटला जोडा. मग मी हिकडून आनं ताय तिकडून, एकाच रस्त्यावर गाड्या पळवू. बोलू नको म्हनावं माझ्याशी. खेळल तरी."

"खेळेल का?"

"शुक्रवारी मना सुट्टी असते. तुमालाबी असते. येत्या शुक्रवारी दुपारी मी बसून राहतो."

मी शब्द दिला. आमच्या घरात नेट होतंच. ते डब्याला जोडायचं म्हणजे एक वायर काढायची आणि दुसरीकडे लावायची. दिव्याचं बटण दाबण्याइतकं सोपं काम, असं मला वाटलं. मी हौसाला विचारलं. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "तुमचं तुमी बघा," एवढं बोलून ती वाटाणे सोलायला बसली. वीस-बावीस वर्षांच्या संसारात या वाक्याचा अर्थ हो असा होतो, हे मी शिकलो आहे.

अडचण एकच होती. आमच्या घरातलं नेट नावाला माझं असलं तरी मालक रुचिका होती. ती आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर साड्यांच्या काठाची डिझाइनं काढते आणि सुरतच्या पार्टीला नेटवरून पाठवते. तिचा नियम कडक होता. "बाबा, माझ्या वायरीला कोणी हात लावायचा नाही."

ती आंघोळीला गेली तेव्हा मी हात लावला.

वायर काढून बाहेरच्या खोलीत आणली, टीव्हीमागे ओणवा होऊन डब्यात खुपसली. पडद्यावर इंग्रजीत नम्रपणे आलं की, इंटरनेट सापडत नाही. मी वायर काढून फुंकर मारली, पुन्हा लावली. डब्याने तेच सांगितलं. न्हाणीघरातल्या पाण्याचा आवाज थांबला तशी मी घाईने वायर ओढली आणि तिच्या टोकाची प्लास्टिकची बारीक जीभ मोडून माझ्या चपलेवर पडली. ही जीभ म्हणजे वायरीला धरून ठेवणारी कडी असते. ती नसली की वायर आत राहत नाही, सारखी घसरून बाहेर येते. मी वायर कॉम्प्युटरला लावली, तिच्याखाली आगकाडी ठोकली आणि पेपर वाचत बसलो.

दुपारी आगकाडी पडली. त्या वेळी रुचिका एक मोर सुरतला पाठवत होती. संध्याकाळी पार्टीचा फोन आला की मोराला पाय नाहीत, ही नवीन फॅशन आहे का? रुचिका मला काही बोलली नाही. ती चप्पल घालून सायबर कॅफेत गेली आणि पाय पाठवून आली. आल्यावरही काही बोलली नाही. मुलीने ओरडलेलं मला चालतं. गप्प राहून ती अगदी आईसारखी दिसते.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीला जाता जाता आमच्या नेटवाल्याच्या ऑफिसात गेलो. 'जलदीप केबल अँड नेट' असं त्याचं नाव. काउंटरला करिष्मा नावाची मुलगी होती. मी आधी नवीन जीभ बसवून द्यायला सांगितलं, ते तिने लगेच कबूल केलं. मग मी डब्याचं विचारलं.

"काका, तुमचं कनेक्शन तुमच्या कॉम्प्युटरच्या नंबरला बांधलेलं आहे," ती म्हणाली. "दुसरं मशीन लावलं तर चालणार नाही."

"पण दुसरं मशीनसुद्धा माझंच आहे."

"एका कनेक्शनला एकच मशीन."

"मग दुसरं कनेक्शन द्या."

तिने फॉर्म काढला, माझं नाव विचारलं आणि फॉर्म परत आत ठेवला. "तुमच्या नावावर आहे आधीच."

"बायकोच्या नावावर करा. हौसा केसरीनाथ केणे."

"पत्ता?"

मी पत्ता सांगितला. तिने मान हलवली. "एका घरात दोन कनेक्शन देता येत नाहीत, काका. लोक एकात घेतात आणि शेजाऱ्यांना विकतात, म्हणून साहेबांनी नियम केलाय. एका रेशनकार्डावर एकच."

"म्हणजे मी आणि बायको वेगळे राहायला लागलो, तर मिळेल?"

मी हे टोमणा म्हणून बोललो होतो. करिष्माने नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"विभक्त राहत असल्याचा दाखला आणला तर मिळेल," ती म्हणाली. "पण मग पत्ता वेगळा लागेल."

"साहेबांना भेटता येईल का?"

"साहेब कल्याणला असतात."

"कल्याणला कुठे?"

"ते आम्हालाही भेटत नाहीत."

मी बाहेर पडलो. बायकोला मेहुण्याबरोबर गाडी पळवता यावी म्हणून तिच्यापासूनच विभक्त व्हायचं, आणि तेही ती त्या मेहुण्याशी बोलत नाही म्हणून. हा विचार वंजारपट्टी नाक्यापर्यंत माझ्या डोक्यात फिरत होता. मात्र एक गोष्ट तिथेच पक्की झाली. आता हे करायचंच. अनंतासाठी नाही, हौसासाठीही नाही. एका काउंटरवर मला माझ्याच घरात परकं ठरवलं, म्हणून.

संध्याकाळपर्यंत आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी पोहोचली होती. केणेंना दुसरं कनेक्शन पाहिजे आणि त्यासाठी ते वेगळे राहणार आहेत, अशा स्वरूपात ती पोहोचली होती. वरच्या मजल्यावरच्या गोदूबाई खाली आल्या, हौसाला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं आणि माझ्याकडे न बघता परत गेल्या. नंतर खरा प्रकार कळल्यावर त्यांनी सल्ला दिला की महापालिका पाणी सोडते तसं करा, सकाळी पोरीला, दुपारी हौसाला. त्या डब्याला ते पाणीच चालत नाही, हे त्यांना पटवता पटवता माझा चहा गार झाला.

कामाचा सल्ला दिला तो शेजारच्या हसनभाईंनी. त्यांचे स्वतःचे पॉवरलूम आहेत आणि कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं. बरेचदा ते चुकीचं असतं, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही.

"केसरीभाऊ, सीधी बात आहे," ते म्हणाले. "नेटवाल्याला कॉम्प्युटर दिसला पाहिजे ना? दिसू द्या. कॉम्प्युटरमध्ये नेटची दोन कार्ड बसवा. एका कार्डातून नेट आत येणार, दुसऱ्यातून तुमच्या डब्याला जाणार. डबा कॉम्प्युटरच्या मागे लपून बसणार. आमच्या ऑफिसात तसंच आहे."

"चालतं?"

"हमारे यहाँ तो चलता है," ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी जोडलं, "कधी कधी."

मी दुकानात गेलो, दुसरं कार्ड घेतलं, लांब वायर मागितली. दुकानदाराने विचारलं, "सीधा या क्रॉस?"

प्रश्न मला कळला नाही. पण आजूबाजूला गिऱ्हाइकं होती.

"सरळ," मी म्हणालो. "आमचं सगळं सरळच असतं."

रुचिकाला मी सगळी योजना सांगितली. आता चोरून काही करायचं नाही, असं ठरवलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि दोन अटी घातल्या. कॉम्प्युटर ती स्वतः उघडणार, आणि वायर दारातून न्यायची नाही, कारण तिला दार लावून काम करायची सवय आहे. पहिली अट मला अपमानकारक वाटली, पण तिने कार्ड बसवलं, झाकण लावलं आणि कॉम्प्युटर चालू झाला, त्यामुळे बोलायला जागा राहिली नाही. दुसऱ्या अटीसाठी भिंतीला भोक पाडावं लागणार होतं. ड्रिल हसनभाईंनी कारखान्यातून आणून दिलं. ते बंदुकीसारखं धरावं लागत होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी टीव्ही पुढे सरकवला. त्याच्यामागच्या भिंतीपलीकडे आतली खोली आहे, तिथे रुचिकाचं टेबल आहे, असं मी त्या घरात राहायला आल्यापासून समजत होतो. पेन्सिलने खूण केली, पाय रोवले आणि ड्रिल चालवलं. भिंत माझ्या अंदाजापेक्षा जाड निघाली. घाम फुटला, पण मी सोडलं नाही. शेवटी ड्रिल एकदम मोकळं आत गेलं.

पलीकडून हसनभाईंच्या बायकोचा, शकिलाभाभींचा, आवाज आला. शांत होता.

"केसरीभाऊ, तुम्ही आमच्याकडे निघालात."

मी ड्रिल बाहेर काढलं. भोकातून प्रकाश आला आणि त्यासोबत फोडणीचा वास.

"कुठे निघालो?" मी विचारलं.

"शोकेसमध्ये. कपांच्या मागे. कप वाचले."

आतली खोली टीव्हीच्या मागे नव्हती. उजव्या हाताला होती. दाराला लागून जी भिंत आहे, ती. हे हौसाने मला स्वयंपाकघरातून, मागे वळूनही न बघता सांगितलं. मी भाभींची माफी मागायला गेलो तर हसनभाई भोकाला डोळा लावून बसले होते. "काम साफ झालंय," ते म्हणाले. "जागा चुकली, पण काम साफ आहे." मी सिमेंट कालवून दोन्हीकडून भोक बुजवलं. मग योग्य भिंतीत दुसरं पाडलं, वायर ओवली, एक टोक रुचिकाच्या दुसऱ्या कार्डात आणि एक डब्यात लावलं. तेवढ्यात वीज गेली. पुढचं शुक्रवारी सकाळी बघू म्हणून आम्ही जेवायला बसलो.

शुक्रवारी सकाळी मी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून डबा चालू केला. रुचिकाने कॉम्प्युटरला सांगितलं की हे नेट दुसऱ्यालाही वापरू दे. कॉम्प्युटरने रेशनकार्ड न मागता हो म्हटलं. पण कार्डाच्या मागे जो हिरवा दिवा लागायला हवा, तो लागेना. डबा पुन्हा म्हणाला, इंटरनेट सापडत नाही. मी वायर उलटसुलट लावून बघितली. या खोलीतलं टोक त्या खोलीत नेता येईना म्हणून मी स्वतःच या खोलीतून त्या खोलीत धावत होतो.

रुचिकाने नेटवर शोधून काढलं.

"बाबा, कॉम्प्युटरला सरळ डबा जोडायचा तर ही वायर नाही चालत. क्रॉस पाहिजे. आतल्या तारा उलट्या केलेल्या असतात. दुकानदाराने विचारलं नाही?"

"विचारलं," मी म्हणालो.

"मग?"

मी पाणी प्यायला आत गेलो. दुकान शुक्रवारी बंद असतं. आज नाही जमलं तर अनंताला फोन करून सांगायचं, पुढच्या शुक्रवारी. त्यात एवढं काय, असं मी स्वतःला सांगत होतो. पण स्वयंपाकघरात बघितलं तर भात, कालवण, सगळं झाकून ठेवलेलं. दुपारचा स्वयंपाक हौसाने सकाळीच आटपला होता. चांगलं पातळ नेसली होती. खिडकीपाशी उभी राहून ती उगाच डाळीचा रिकामा डबा पुसत होती. मी पेला ठेवला, सुरी घेतली आणि बाहेर आलो.

"रुचिका, वाच. कुठली तार कुठे?"

"तुम्ही वायर कापणार?"

"वाच."

मी वायर मधोमध कापली. आत बारीक तारा, एकीला एक पिळलेल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. रुचिका कॉम्प्युटरवर बघून सांगू लागली. "नारिंगी तिकडच्या हिरव्याला. पांढरा-नारिंगी तिकडच्या पांढऱ्या-हिरव्याला. मग हिरवा इकडचा..." चष्मा लावूनही मला पांढरा-नारिंगी आणि पांढरा-तपकिरी एकच दिसत होते. दोन तारा जोडल्या की तिसरी जोडताना पहिली सुटायची. कारखान्यात रोज हजारो धागे बघणारा माणूस मी, पण ते बघतो, बांधत नाही.

मागून हौसाचा हात आला.

"द्या हिकडं," ती म्हणाली. "कसं धरलंय ते."

ती खाली बसली, मांडी घातली, तारा दातांनी सोलल्या. लहानपणी खाडीवर बापाबरोबर जाळी सांधायची, तशी तिची बोटं चालली. रुचिका रंग सांगत होती, हौसा पिळत होती आणि मी चिकटपट्टीचे तुकडे कापून हातावर लावून उभा होतो. शेवटची तार पिळून झाली तशी रुचिका आतल्या खोलीत धावली.

"दिवा लागला," ती आतून म्हणाली.

डब्याला इंटरनेट सापडलं.

मी अनंताला फोन लावला. तो खरंच बसून होता. थोड्याच वेळात पडद्यावरच्या गाड्यांमध्ये दोन त्यांच्या दिसल्या, हौसाची लाल आणि अनंताची निळी. खोक्यात बोलायचा माइक होता, तो रुचिकाने आईच्या कानाला अडकवला. हौसाने तो काढला नाही, पण ती बोललीही नाही. टीव्हीमधून अनंताच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. तोही बोलत नव्हता.

पहिल्या शर्यतीत हौसा जिंकली. दुसऱ्यातही. मस्कतचा पंखा फिरत राहिला. तिसरी सुरू झाली आणि मला वाटायला लागलं की दोघं असेच वर्षभर मुकाट गाड्या पळवतील, आणि मी भिंती फोडत राहीन. तेवढ्यात एका वळणावर निळ्या गाडीने लाल गाडीला बाजूने जोरात धडक दिली. लाल गाडी कठडा तोडून शेतात गेली.

हौसा ताठ झाली.

"ए," ती म्हणाली, "रस्ता तुझ्या बापाचा हाय का?"

टीव्हीतून अनंता म्हणाला, "दोघांच्या बापाचा हाय, ताय."

रुचिकाने माझ्याकडे बघितलं. मी चिकटपट्टीकडे बघितलं.

"दोघांच्या होता, तं मना इचारलं का न्हाय?" हौसा म्हणाली.

त्यानंतर शर्यत राहिली नाही. लाल गाडी शेतात आणि निळी रस्त्यात, दोन्ही गाड्या उभ्या. बाकीच्या गाड्या वळसा घालून जात होत्या. जमीन, गोदामवाला, सह्या, बापाच्या आजारपणात कोण आलं आणि कोण नाही आलं, सगळं निघालं. अनंता आधी वाद घालत होता, मग नुसता "चुकलं, ताय" म्हणत होता. हौसा ते ऐकून घेत होती आणि पुढचा मुद्दा काढत होती. आतल्या खोलीत रुचिका त्याच नेटवरून सुरतला एक हत्ती पाठवत होती आणि तो पायांसकट पोहोचला, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आणि वीज गेली.

टीव्ही काळा पडला. हौसा हँडल धरून तशीच बसली होती, तोंड अर्धं उघडं. वीज आता लवकर येणार नव्हती, हे आम्हा तिघांना माहीत होतं. मला फार वाईट वाटलं. एवढं ओढत ओढत काठापर्यंत आणलं आणि नेमकं आत्ता.

"अवो," ती म्हणाली, "त्याला फोन लावा. माझं झालं न्हाय अजून."

मी मस्कतचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. ती जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली. काही वेळाने आवाज खाली आला. मग मी "जेवलास का" ऐकलं. मग "निसता भात? आनं कालवण कोन करतं?" मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि फोनची वायर तिने बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली.

पलीकडून अनंता काहीतरी म्हणाला असावा. माझं नाव आलं असावं, कारण हौसाने माझ्याकडे बघितलं. मी जरा सावरून बसलो. शर्टाला सिमेंट होतं, ते झटकलं.

"तुझ्या भावोजींनी कसली जोडली?" ती फोनमध्ये म्हणाली. "त्यांना न्हाय जमली. मीच जोडली ती वायर."